साक्षीदार म्हणून माझी सही

२ मार्च, रविवार

प्रभुभोजनाचा रविवार. वाईनऐवजी द्यायचा मनुकांचा रस काल उकळून गाळून ठेवला होता, चांगला उतरला. सव्वीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे, एकदाही रस आंबलेला नाही. नववी-दहावीला आयुष्यभर शास्त्र शिकवलं त्याचा तेवढा उपयोग.

उपासनेनंतर दृढीकरणाचा वर्ग, लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी स्वतः विश्वास कबूल करायची तयारी. यंदा अकरा मुलं. बरीचशी अकरावी-बारावीची, तिघं कॉलेजची. त्यात आमची सुवार्ता, म्हणजे धाकट्या भावाची, दानूची मुलगी. कोल्हारला पाळक टिकत नाहीत म्हणून तिचं राहून गेलं होतं. तीन वर्षं माझ्याकडे केडगावला आहे, आता बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. एकोणीस पूर्ण. उशीर झाला, पण होतंय.

१३ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी दृढीकरण. आदल्या शनिवारी शपथवही. पाळकसाहेब नवे आहेत, त्यांनी ती पाहिली नव्हती. दाखवली. मिशनच्या काळापासूनची चाल, ही चौथी वही. 'मी आयुष्यभर मादक पेय घेणार नाही', खाली मुलाची सही, शेजारी साक्षीदाराची. पस्तीस वर्षं साक्षीदार मीच. पाळकसाहेबांनी बरीच पानं उलटली. म्हणाले, यातल्या किती जणांनी पाळली, बाई? मी म्हटलं, ते देवाला माहीत, माझं काम सही घ्यायचं.

देवाचे उपकार: नळाला पाणी वेळेवर. गुडघा गप्प. अकराही मुलं वेळेवर.

५ मार्च, बुधवार

उपवासकाळ सुरू, एकेक आवडीची गोष्ट सोडायची. मी चहातली साखर सोडली. सु.ने मोबाईलवरचे रील्स सोडले. दुपारी हातात मोबाईल दिसला म्हणून हटकलं तर म्हणते, "मी नाही बघत आत्या, तो आपोआप दाखवतोय." आगाऊ आहे. पण भाकरी माझ्यापेक्षा चांगली करते.

कोल्हारला फोन. दानू साखर कारखान्यात वायरमन, हंगाम संपत आलाय, झोपलेत म्हणाली त्याची बायको, मंदा. नाताळात त्याचे हात थरथरताना पाहिले होते, शुगर तपासून घे म्हणून सांगितलं होतं. तपासली का? "तपासू की, आक्का." म्हणजे नाही तपासली.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. सु. सकाळी सावेडीला मैत्रिणीकडे, जेनेटकडे. वर्गातली मुलगी, कॅथलिक, मूळची राहात्याकडची. मी परवानगी दिली. चारला परतली, तोंडात बडीशेप. माझ्याकडे न बघता न्हाणीत.

मी दाराशी उभी राहिले. बाहेर आल्यावर विचारलं, काय घेतलंस?

नाही म्हणेल असं धरून चालले होते. खोटं बोलली की काय सुनवायचं ते सगळं तयार होतं. ती म्हणाली, "बियर. दीड ग्लास." आणि माझ्याकडे सरळ बघत राहिली.

मी टॉवेल पुढे केला. शेवटी म्हटलं, केस पूस, सर्दी होईल.

लाज वाटते आहे. कोणाची, ते अजून ठरत नाही.

१५ मार्च, शनिवार

सकाळी समोर बसवून बोलले. तासभर. अण्णांचं सांगितलं. आमचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर अल्कोहोल लिहिलेलं वाचून त्यांनी अख्खी बाटली मोरीत ओतली होती आणि आम्ही भावंडं पंधरा दिवस खोकत होतो. सु.ला हसू आलं. हसण्यासारखं नव्हतं.

मग तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गच्चीवर आठ जणी. एक मुलगी हिला म्हणाली, तुमच्यात तर चालतंच ना गं, तुमच्या देवळातच वाईन देतात. हिने उत्तर दिलं, आमच्या देवळात माझी आत्या मनुका उकळते. सगळ्या हसल्या. इतकं चांगलं उत्तर दिलं आणि त्याच्यानंतर ग्लास घेतला.

कशाला घेतलास? "बघायचं होतं." काय बघायचं होतं? ती टेबलावरची वही सरळ करत राहिली.

दानूला कळवते म्हटल्यावर एकदम पांढरी पडली. "पप्पाला नको." मी म्हटलं, एवढी भीती आहे तर प्यायचंच नाही. ती उठता उठता म्हणाली, "भीती नाही गं." दार लावून घेतलं.

कळवायचं थांबले आहे. का, ते लिहिता येत नाही.

२० मार्च, गुरुवार

जेनेट वह्या घ्यायला आली. घरात घेऊ नये असं मनात होतं, पण उन्हातून आलेली, पाणी तरी द्यायला हवं. दिलं. विचारलंही, तुमच्या घरी हे चालतं का.

मुलगी घाबरट नाही. म्हणाली, गावच्या सणाला आजोबा एक ग्लास घेतात, सगळ्यांसमोर, जेवणाच्या आधी. आजी ओतते आणि बाटली कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावते. दुसरा मागितला तर म्हणते, "पुढच्या वर्षी." मला बरं वाटलं नाही, पण हसू आलं, ते आवरलं.

मग तीच म्हणाली, "पण धाकटा काका त्यातच गेला, टीचर. त्यालाही आजीच मोजून द्यायची." ग्लास विसळून ठेवला आणि गेली.

म्हणजे त्यांची किल्लीसुद्धा सगळ्यांना पुरली नाही. हे मला का बोचावं?

उपकार: खरं बोलणाऱ्या मुली.

२३ मार्च, रविवार

काल सु.ला शपथवहीत अकरा जणांचे रकाने आखायला बसवलं. अक्षर सुबक आहे म्हणून. आज वर्गानंतर, सगळे गेल्यावर, वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मी सही करणार नाही, आत्या."

दीड ग्लासामुळे असेल असं वाटून म्हटलं, पश्चात्ताप केला की झालं, सही करता येते.

तिने मागचं पान काढलं. १९९१. दानियल साळवे, वय सोळा. शेजारी साक्षीदार म्हणून माझी सही, निळ्या शाईत, ठसठशीत.

"पप्पा रोज पितो. मी तिसरीत होते तेव्हापासून मला माहितीये."

 ती बोलत राहिली. बाटली आधी पिठाच्या डब्यात असायची, मंदाने ओरडा केल्यावर पंपाच्या खोलीत गेली. आता कुठेही असते. मी कोल्हारला जाणार म्हटलं की दोन दिवस आधी बंद. मंदा घर पुसून काढते, उदबत्त्या लावते, मुलांना शिकवते काय बोलायचं. दानू दाढी करून पांढरा शर्ट घालून बसतो. हात थरथरतात ते शुगरने नव्हे. प्यायला मिळालं नाही म्हणून.

"तू आलीस की आमचं घर दोन दिवस फार छान असायचं," म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

आणि बियर? "पप्पा आम्हाला सोडून कशाकडे जातो ते बघायचं होतं."

काय दिसलं? विचारायचं धैर्य झालं.

"आधी कडू. मग बरं वाटलं. खूप बरं वाटलं, आत्या. त्याचीच भीती वाटली."

मी तिला जवळ घेतलं नाही. आमच्यात ती सवय नाही. तिची वेणी सुटली होती, ती घालून दिली.

२४ मार्च, सोमवार

प्रार्थनेला बसले, मनात एवढंच. मला खरंच माहीत नव्हतं का? आमच्यात उदबत्ती लावत नाहीत, ती दानूच्या घरात कधीपासून लागायला लागली, हे एकदाही मनात आलं नाही? नाताळात फाटकाच्या दांडीला धरून उभा होता, ते काय होतं?

साहित्याने भरलेली प्रयोगशाळा सांभाळली, स्पिरिटच्या दिव्याचा वास वीस फुटांवरून ओळखायचे. भावाचा नाही ओळखला. ओळखायचा नव्हता.

१ एप्रिल, मंगळवार

न कळवता कोल्हारला गेले. एकटीच, सु.चा पेपर होता. सकाळची एस.टी., राहुरीपर्यंत उभी.

मंदा अंगणात धुणं वाळत घालत होती. मला पाहून तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. "आधी सांगायचं तरी, आक्का." आणि पदराने ओटा पुसायला लागली, जणू मी ओट्यासाठीच आले होते.

दानू खाटेवर. सकाळचे साडेअकरा. मला पाहून उठला, शर्टाचं वरचं बटण लावायला लागला. बटण लागेना. मी जवळ जाऊन लावून दिलं. वास आला. दोघांनाही कळलं की वास आला.

म्हटलं, किती वर्षं? तो म्हणाला, "आक्का, च्या तरी घे."

चहा घेतला. मग जे ठरवून गेले होते ते केलं. वहीतलं पान कसं फाडणार, म्हणून कोऱ्या कागदावर तोच मजकूर लिहून नेला होता. पुढे ठेवला. म्हटलं, पहिली मोडलीस, ही पाळ. आजपासून एक थेंब नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, सोळा वर्षांच्या मुलासारखी सही केली. अक्षर वेडंवाकडं. मी साक्षीदार म्हणून केली.

मंदा दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "एकदम बंद केलं की लई त्रास व्हतो त्यांना, आक्का." मी म्हटलं, त्रास होणारच, पाप सुटताना त्रास होतो.

उपकार: माझ्या भावाने पुन्हा सही केली. रडला नाही. मीही नाही.

३ एप्रिल, गुरुवार

मंदाचा फोन. परवापासून प्यायला नाही. जेवत नाही, झोपत नाही, अंगाला घाम. मी म्हटलं, धीर धर, लिंबूपाणी दे. सु.ला सांगितलं. ती आनंदेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "डॉक्टरला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं.

४ एप्रिल, शुक्रवार

दवाखान्याच्या बाकावर लिहिते आहे.

सकाळी नऊला फोन. दानूला फिट आली. ओट्यावर पडला, डोळे पांढरे, जीभ चावली, अंग ताठ. शेजारच्यांनी टेम्पोत घालून मोठ्या दवाखान्यात आणलं. मी आणि सु. दुपारी पोचलो. हातपाय खाटेला बांधलेले. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणत होता, त्या झटकायला सांगत होता. मला ओळखलं नाही.

डॉक्टर तरुण, दमलेला. म्हणाला, इतक्या वर्षांची रोजची सवय घरी एकदम तोडायची नसते, माणूस जातो. हळूहळू, औषधाखाली सोडवायची असते. मग विचारलं, "कोणी सांगितलं एकदम बंद करायला?"

मंदा जमिनीकडे बघत होती. सु. माझ्याकडे बघत नव्हती. दोघींनी मला वाचवलं असतं. या घराला लपवायची सवय आहेच.

मी म्हटलं, "मी."

त्याने फायलीत लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेला.

५ एप्रिल, शनिवार

रात्री पुन्हा फिट आली नाही. सलाईन, इंजेक्शनं. अजून धोका आहे म्हणतात, दोन दिवस.

मंदाने आज सांगितलं. परवा रात्री त्याचा थरकाप बघवेना म्हणून तिने स्वतः जाऊन आणली, ग्लासात ओतून पुढ्यात ठेवली. नवऱ्याच्या पिण्यावर सतरा वर्षं भांडलेली बाई. त्याने तोंड फिरवलं. "आक्काजवळ सही केलीय," म्हणाला.

शपथ पाळली त्याने. पाळताना मरायला टेकला. मी हे वाक्य लिहून बराच वेळ बसले आहे.

मंदाचे हात धरले. मला सांगितलं होतंस तू, म्हटलं, त्रास व्हतो म्हणून. मी ऐकलं नाही. ती म्हणाली, "तुमाला कोन कसं ऐकवनार, आक्का." रागाने नाही. जशी आहे तशी गोष्ट सांगितली.

६ एप्रिल, रविवार

प्रभुभोजनाचा रविवार, मी देवळात नाही. किती वर्षांनी असं झालं ते आठवत नाही. रस दुसरं कोणी तरी करेल.

संध्याकाळी दानूने डोळे उघडून "आक्का" म्हटलं. मुंग्या गेल्या.

उपकार. पुढे काही लिहिता येत नाही. उपकार.

९ एप्रिल, बुधवार

दानू बसायला लागला. सु. रोज कॉलेजातून परस्पर येते, एस.टी.त अभ्यास करते. आज बाप-लेक मोसंबी सोलून खात होते. ती म्हणाली, पप्पा, मीपण प्यायले धुळवडीला.  दानू बराच वेळ फोडीचे दोरे काढत राहिला. म्हणाला, "ग्वाड लागली का?" ती म्हणाली, नंतर लागली. तो म्हणाला, "तीच खोड हाय तिची." मग दोघं मोसंबी खात राहिले. उपदेश नाही, काही नाही. पस्तीस वर्षांच्या माझ्या सगळ्या वर्गांत एवढं कोणी कोणाला सांगितलं नसेल.

ती चहा आणायला गेल्यावर मी त्याला म्हटलं, माझ्या धाकामुळे तू या वाटेला गेलास का? स्वच्छ विचारलं. उत्तर काय येईल ते सोसायचं ठरवून.

"न्हाई आक्का. प्यायलो माझ्या मनानं. तुझ्या भ्यानं लपवलं. लपवून प्यायची म्हंजे घाईनं प्यावं लागतं, जास्त प्यावं लागतं."

खिडकीबाहेर कोणाचं तरी लहान मूल रडत होतं, थांबलं. मी म्हटलं, माफ कर. हे शब्द या आधी धाकट्या भावाला म्हटल्याचं आठवत नाही. तो गडबडला. म्हणाला, "उगंच काय बी."

१० एप्रिल, गुरुवार

पाळकसाहेबांचा फोन. सु. सही करत नाही हे मंडळीच्या पंचांपर्यंत गेलं आहे. त्यांतले भिंगारदिवे काका म्हणाले म्हणे, बाईंच्याच घरची मुलगी सही करीना, तर वही रद्दीत घाला. मी पाळकसाहेबांना विचारलं, सहीशिवाय दृढीकरण होतं का. ते म्हणाले, विश्वासाचा कबुलीजबाब देवापुढे आहे बाई, वहीपुढे नाही. हळू आवाजात म्हणाले, मी रागावेन असं वाटलं असेल.

मग मला १९९८ चा तो मुलगा आठवला. सही करणार नाही म्हणाला होता, कारण सांगेना. मी वर्गातून परत पाठवला. कारण घरात असेल, हे मनात आलं नाही. तो आता कोणत्याच देवळात जात नाही म्हणतात. त्याचा पत्ता शोधायचा.

दानूला विचारलं, शनिवारी मुलांना तुझं सांगू का, नाव न घेता. म्हणाला, "नाव घालून सांग. कोल्हारात सगळ्यांना ठावं हाय. तुलाच न्हवतं."

१२ एप्रिल, शनिवार

दानू आज घरी गेला. गोळ्यांचं पाकीट मंदाकडे, दर गुरुवारी दाखवायचं. डॉक्टरांनी एका बैठकीचा पत्ताही दिला आहे, दारू सोडलेली माणसं आठवड्याला एकत्र बसतात. दानू म्हणाला बघू. 'बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण आता शिकले, विचारायचं.

दुपारी शपथवही. अकरा मुलं बाकांवर, भिंगारदिवे काका मागे हाताची घडी घालून.

सांगितलं. पहिली सही, दुसरी सही, कागद, ओटा, फिट, डॉक्टरचा प्रश्न आणि माझं उत्तर. मध्ये एकदा पाणी प्यायले, पुढे सांगितलं. मग म्हटलं, दारू वाईटच आहे, ते मी मागे घेत नाही. ज्याला मनापासून सही करायची त्याने करावी. ज्याला नाही, त्याला कोणी विचारणार नाही का ते. पण कोणी घरात पीत असेल, स्वतः पीत असाल, तर मला येऊन सांगा. मी ओरडणार नाही. हे शेवटचं म्हणताना दोन मुलं हसली. त्यांचा विश्वास बसला नसावा. साहजिक आहे.

 मग अमोल, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणाला, "बाई, माझे पप्पा पण." मान खाली. त्याच्या मागून एक मुलगी, तिचा भाऊ. मग आणखी एक. मी या घरांत जेवले आहे. नाताळचे फराळ खाल्लेत. कुठे कुठे उदबत्त्या होत्या, आता आठवून बघते आहे.

सात जणांनी सही केली, चौघांनी नाही. सु.ने नाही. साक्षीदाराचा रकाना मी रिकामा ठेवला. त्याऐवजी अकराही जणांना माझा फोन नंबर लिहून दिला. भिंगारदिवे काका चपला घालून निघाले. फाटकापाशी मात्र परत वळले, म्हणाले, "दानू खातोपितो ना नीट?" मग स्वतःच्या शब्दाने दचकले, "म्हणजे जेवतो ना."

घरी येताना सु. म्हणाली, "मी आत्ता पीत नाहीये. पुढचं माहीत नाही. तू विचारत जा, मी खरं सांगेन." मी म्हटलं, रोज विचारू? "रोज नको, आत्या. डोकं फिरेल माझं."

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार. सु.चं दृढीकरण झालं. पांढरी साडी, मंदाची, लग्नातली. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा हिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. काय मागितलं विचारलं नाही. विचारायला शिकले म्हणजे सगळंच विचारायचं नसतं.

मंदा आली होती. दानू नाही. एवढ्या लोकांत नको म्हणाला. मुलीला फोन करून म्हणाला, आशीर्वाद देतो, पण तूच माझ्यासाठी मागून घे थोडा.

उपकार: फार. यादी केली तर वही संपेल.

२० एप्रिल, रविवार

पुनरुत्थानाचा रविवार. पहाटेची उपासना करून कोल्हारला. या वेळी आदल्या दिवशी फोन केला आणि मंदाला बजावलं, ओटा पुसलास तर बघ. पोचलो तेव्हा घर पसरलेलं होतं. कपडे खाटेवर, भांडी मोरीत, उदबत्ती नाही. इतकं बरं वाटलं.

दानू अशक्त आहे. चिडतो. मंदावर एकदा ओरडला, मग बाहेर जाऊन बसला. एकोणीस दिवस झाले. बैठकीला एकदा गेला. काय झालं तिथे? "बसलो. त्यांचं ऐकलं." पुन्हा जाणार? "माझ्यापरीस वंगाळ हुते एकदोघं, त्ये आता बरे हायेत." म्हणजे जाणार असावा.

सु.ने मटण केलं. दानूने दोनदा घेतलं.

२४ एप्रिल, गुरुवार

अमोलचा फोन आला. वडिलांना कुठे दाखवायचं विचारत होता. पत्ता दिला आणि बजावलं, घरी एकदम बंद करायला लावू नका, आधी डॉक्टर. मग म्हणाला, बाई, मीपण हॉस्टेलवर कधी कधी. मी म्हटलं, बरं. बरं म्हटल्यावर तो आणखी पाव तास बोलला. मी बहुतेक ऐकलं. मध्ये दोनदा ओरडावंसं वाटलं, जीभ दाताखाली धरली.

दानूने आज दवाखान्यात दाखवलं. ठीक.

२७ एप्रिल, रविवार

संध्याकाळी सातला फोन. दानूचा. तो स्वतः फोन करत नाही, नेहमी मंदा लावते.

"आक्का, आज घेतली."

 किती, म्हटलं.

"एक ग्लास. कारखान्यातल्या एकाचा निरोपसमारंभ हुता. घेतली आन् मग उठून आलो. मंदाला न्हाई सांगितलं आजून. तुला सांगतोय."

मागे गाडीचे आवाज येत होते. रस्त्यावर उभा होता. मी काय बोलेन याची वाट बघत होता. माझ्या तोंडात कितीतरी वाक्यं आली, सगळी जुनी, सगळी पाठ. पन्नास वर्षांत माझ्या भावाने पहिल्यांदा आपणहून मला काही सांगितलं होतं, आणि ते हे होतं.

म्हटलं, सांगितलंस ते बरं केलंस, दानू. घरी जा. मंदालाही आजच सांग, उद्यावर टाकू नकोस. उद्या डॉक्टरला मी फोन करते.

तो म्हणाला, "रागावली न्हाईस?"

मी म्हटलं, रागावले आहे. तरी सांगत जा.

  मग म्हणाला, "बरं, आक्का," आणि ठेवला.

सु. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं. तिने ताटं घेतली. दोघी जेवलो.

तो घरी पोचला का, मंदाला बोलला का, माहीत नाही. फोन करून विचारावंसं वाटतं आहे. करत नाही. हे त्याने त्याच्या तोंडाने...

सु. म्हणते दिवा घालव, सकाळी लवकर उठायचंय. डॉक्टर नऊला येतात.

उपकार: मला सांगितलं.